झिपरूआबाच्या टाचेची ओळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले की आम्ही बहिणी झोक्यावर बसून सासरचं सगळं उणंदुणं काढतो, कुणाचंच काही शिल्लक ठेवत नाही — तिथंसुद्धा हे ओठांवर आलं नाही. देवापुढं बोलावं तर तिथंही पुजारी कान लावून असतो.

मग तुम्हालाच का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर शब्द काढला नसता. आणि खरं सांगू — आत्ता लिहिताना पण मनात येतंच आहे, की हे वाचून तुम्ही कुणाला तरी विचाराल, 'पांझरेच्या काठची ही बाई कोण गं?' विचारा. पण मी गावाचं नाव सांगणार नाही.

स्वभावच तसा आहे माझा, संशयी. दूधवाल्याच्या दुधात बोट बुडवून बघते. साक्रीच्या बाजारात भाजीवाल्याचं माप दोनदा उलटं करून पाहते. लेक फोनवर हसली की कोण आहे म्हणून विचारते. सासूबाई होत्या तोवर चारचौघींत सांगायच्या, "देव जरी उना ना, तरी हाई त्याले आधारकार्ड मांगी!" सगळ्या हसायच्या, मीही हसायचे. मनात मात्र म्हणायचे, मागेनच. देवाच्या वेशात कोणीही येतो.

माहेर माझं नशिराबादकडचं. वडिलांची आणि काकांची विहीर एक होती, पाळी ठरलेली होती, आणि वडिलांच्या पाळीला दर वेळी विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असायचं. वडील कधी बोलले नाहीत. मी बघत होते. तिथून लागलं असेल मला हे — पण राहू द्या. ते सांगून मला माझ्या गोष्टीचं तोंड गोड करायचं नाही. काकांनी जे केलं ते काकांचं. मी केलं ते माझं आहे.

आधी आमचं पाणी कसं चालतं ते सांगते, नाहीतर तुम्हाला पुढची संगती लागणार नाही.

आमच्याकडे फड आहेत. नदीवर जुना दगडी बंधारा. त्याच्या कडेनं पाट निघतो आणि काठाकाठानं फडांतून जातो. एका फडात तीस-चाळीस जणांचे तुकडे, पण पीक सगळ्यांचं एकच. पाणी कुणी कुणाचं घेत नाही, पाणी देणारा एक माणूस असतो — पाटकरी. तो पाटाचं बारं फोडतो, म्हणजे पाटाच्या काठातलं तोंड. तुमचं वावर भिजवतो, आणि परत मातीनं बुजवतो. शेतकऱ्यानं बांधावर उभं राहावं, हात जोडून राहावं, वाटलं तर शिव्या द्याव्यात — पण पाण्याला हात लावायचा नाही. पाचशे वर्षं म्हणा, हजार म्हणा, म्हातारे काहीही आकडा सांगतात. नियम एवढाच. सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडली असतील आमच्यात, पण पाण्याला हात लावला असं कुणी ऐकलं नव्हतं.

पाटकरी होता झिपरूआबा. त्याचा बाप पाटकरी, आजा पाटकरी. उंच, वाकलेला, कानात जुनी भिकबाळी, खांद्यावर उपरणं आणि हातात त्याच्या बापाचं फावडं — घासून घासून पातं वितीएवढं राहिलेलं. बोलायचा कमी. बारं बुजवायची त्याची एक रीत होती. दोन चपटे दगड तिरके उभे करायचा, त्यांच्यामध्ये रुईची पानं दाबायचा, वर चिखल, मग फावड्याच्या पाठीनं तीन थाप. आणि शेवटी उजव्या पायाची टाच चिखलावर टेकवून एक आडवी ओळ ओढायचा. झालं. ती ओळ म्हणजे कुलूप. ओळ मोडलेली दिसली की समजावं, कुणीतरी बारं उघडलं. कधी मोडलेली दिसलीच नाही.

लोकांचा त्या ओळीवर भरवसा होता. माझा नव्हता.

आमचे हे तिकडं सुरतेला, कापडाच्या कारखान्यात. दिवाळीला आणि आखाजीला येतात. शेती माझ्या अंगावर — एक तुकडा फडात, आणि खाली नदीच्या कडेला गाळाची थोडी मळई. पुरानं गाळ आणला तर कांदा, पुरानं गाळ नेला तर गोटे. फडातला माझा तुकडा रांगेत शेवटून दुसरा. त्याच्या खालच्या बाजूला भिलानानाचं वावर. आमच्या दोघांचं बारं एकच, पुढं त्याला दोन तोंडं. आणि दर पाळीला व्हायचं काय — माझं वावर दुसऱ्या दिवशी सुकायचं आणि भिलानानाचं चार दिवस ओलं राहायचं. सारखी जमीन, सारखा गहू, एकाच बाऱ्याचं पाणी. सांगा आता, तुम्हाला काय वाटलं असतं?

मला जे वाटायचं तेच मी बघत बसायचे. बांधावर निंब आहे, त्याच्याखाली विळा घेऊन बसायचं, गवत काढायचं सोंग करायचं, आणि डोळे झिपरूआबावर. चार वर्षं. माझ्या तोंडावर किती वेळ धरतो, नानाच्या तोंडावर किती. दगड कसा लावतो. पानं किती घालतो. थाप जोरात देतो का हळू. कुठंतरी फट ठेवतो का नानासाठी. आबाला कळत होतं मी बघते ते. एकदा नुसता हसला आणि म्हणाला, "अक्का, शिकनी व्हई तर फावडं धर." शिकायचं असेल तर फावडं धर म्हणे. मला राग आला. चोर तो चोर आणि वर थट्टा करतो!

आबाला कधी पकडू शकले नाही. पण त्याचा हात मला पाठ झाला.

मग ते कोरडं वर्ष आलं. पोळ्यानंतर आभाळानं तोंडच दाखवलं नाही. बंधाऱ्याच्या सांडीवरून पाणी पडायचं ते दोरीएवढं झालं, मग सुतळीएवढं. पंचांनी ठरवलं, गव्हाला पाळ्या कमी, आणि पाळी चुकली तर पुढची थेट महिन्यानं. आमच्या फडाची पाळी झाली. माझं वावर तिसऱ्या दिवशी भेगाळलं. नानाचं हिरवंगार. गहू चिकात होता — दाणा दाबला की दूध यायचं, आणि त्याच दिवसांत पाणी नाही मिळालं तर दाणा सुरकुततो, उंदरानंही तोंड लावू नये असा होतो. पाट मात्र वाहत होता, माझ्याच दारावरून, खालच्या फडाकडं. घरात उपाशी लेकरू आणि दारावरून ताट शेजारी चाललंय — तसं ते पाणी रोज बघायचं. झोप लागेना.

माघातली दुपार होती. गावातल्याच एकाचं लग्न होतं, नदीपलीकडं, सगळी माणसं जेवायला गेलेली. शिवारात चिटपाखरू नाही. झिपरूआबा लग्नाला गेला नव्हता, पाट सोडून तो कुठं जायचाच नाही — पण तो वर बंधाऱ्याजवळ होता, अर्ध्या कोसावर.

मी बारं फोडलं.

एवढं लिहायला मला बघा किती कागद लागला. हातानं फोडलं, नखांत माती गेली. पाणी आत घुसलं तेव्हा त्याचा असा आवाज आला की मीच दचकून मागं बघितलं. नानाकडचं तोंड मी मातीनं घट्ट बुजवून घेतलं होतं. सगळं माझ्याकडं. म्हटलं, आज बघू कसं सुकतं माझं वावर!

आणि दोन वाफे भिजले. तिसऱ्यात पाणी जाईना. पाणी येतंय, येतंय, आणि पुढं सरकत नाही. मी पदर खोचला आणि बांधाकडेनं चालत गेले, तर बांधाच्या पायथ्याशी बुडबुडे. हात घातला. कोपरापर्यंत आत गेला. खेकड्यांची भोकं — एक नाही, सहा-सात, बांधाच्या या बाजूनं त्या बाजूला आरपार. माझं पाणी माझ्याच बांधातून खालच्या अंगाला, भिलानानाच्या वावरात चाललं होतं. ते त्या दिवशीचंच नव्हतं — भोकांच्या कडा गुळगुळीत झालेल्या होत्या. चार वर्षं जात होतं.

कळलं ना तुम्हाला? झिपरूआबानं मला कधी एक ओंजळ कमी दिली नव्हती. बांध माझा, भोकं माझ्या बांधात, आणि मी निंबाखाली बसून माणसाकडं बघत होते. एकदा खाली वाकून बघितलं असतं तर?

त्या क्षणी, कोपरापर्यंत हात चिखलात असताना, मला सगळं स्पष्ट कळलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं जे केलं ते न कळता केलं असं तुम्हाला वाटायला नको.

मी घाईनं नानाकडच्या तोंडातली माती काढली आणि बारं बुजवलं. दोन चपटे दगड तिरके. रुईची पानं. चिखल. फावडं नव्हतं, म्हणून चपलेच्या तळानं तीन थाप दिल्या. आणि उजवी टाच टेकवून ओळ ओढली. हुबेहूब झाली. मला तर — लाज वाटते सांगायला — क्षणभर बरंसुद्धा वाटलं, काय जमलं म्हणून.

घरी येऊन पाय धुतले आणि लग्नाच्या पंगतीला गेले. वरणबट्टी खाल्ली, नवरीला हळदकुंकू लावलं.

पण चोराला एक तरी खूण राहतेच. बाकीची बारी पंधरा दिवसांची जुनी, वाळून तडकलेली. आमचं एकच ओलं, काळं, ताजं! दुसऱ्या दिवशी खालच्या फडातली माणसं, पाणी का कमी झालं म्हणून पाटाकाठानं बघत वर आली. ताज्या मातीपाशी थांबली. माझ्या वावरात बघितलं — दोन वाफे वरवर ओले झालेले ते उन्हानं सुकून गेले होते, बाकी भेगाच भेगा. भिलानानाच्या वावरात घोटाभर चिखल. आणि बाऱ्यावर झिपरूआबाची ओळ.

आता सांगायला हवंच का काय झालं? पाळी नसताना आबानं नानाला पाणी दिलं. उघड होतं. नाना शपथा घेत होता, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून. त्याचं कोण ऐकतंय — वावर ओलं होतं ना त्याचं. आणि एकदा संशय सुटला की तो मोकाट वळूसारखा, कुणाचंही कुंपण मोडतो. मागच्या साली नानाचा गहू कसा जोरात आला होता. नानाच्या घरी आबा चहाला का बसतो. आबाच्या नातवाच्या लग्नात नानानं मांडव कसा घातला. ज्यांनी वीस-वीस वर्षं त्या ओळीकडं बघून झोप घेतली, तेच लोक ओळीवर थुंकले.

म्हसोबाच्या वडाखाली पंच बसले. मला बोलावलं. का — तर मी फिर्यादी! माझं पाणी मारलं गेलं होतं ना. शिवाय सगळ्या गावाला माहीत, अक्का निंबाखाली बसून बघत असते, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. पंचांतले थोरले म्हणाले, अक्का, तू रोज बघतेस, तूच सांग, हा हात कुणाचा?

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना? मी तर बोंबही मारली नाही. अगदी हळू बोलले. म्हणाले, "हात आबाचाच आहे."

गप्प बसता आलं असतं. 'मला नाही सांगता येत' म्हणता आलं असतं. नाही म्हणाले.

मग त्यांनी आबाला बाऱ्यापाशी नेलं. आम्ही सगळे मागं. मला वाटत होतं आता हा चिडेल, शिव्या देईल, म्हणेल कुणीतरी माझी नक्कल केली. त्यानं म्हणावं असं मला वाटत होतं की म्हणू नये असं — अजून ठरवता येत नाही. आबा उकिडवा बसला. दगडांकडं बघितलं, पानं बोटानं उचलून बघितली, ओळीवरून अंगठा फिरवला. खूप वेळ. आणि मग मान वर करून म्हणाला, "ओळ ते मनीच शे. पन मी कव्हय मारी, हाई माले ध्यानमा नही."

ओळ माझीच आहे, पण कधी मारली ते आठवत नाही. दुसरं कुणी तशी ओळ मारेल, हे त्या माणसाच्या मनातच आलं नाही. पाण्याला कोणी हात लावेल असा संशय घ्यायचीच त्याला सवय नव्हती. मग उरलं कोण? त्याचं स्वतःचं डोकं. त्या दुपारी बंधाऱ्यावर जरा डोळा लागला होता, हेही त्यानंच सांगितलं, कुणी विचारलं नसताना.

लोक म्हणाले, नाटक करतो म्हातारा. पंचांनी फावडं ठेवायला सांगितलं. त्यानं ते वडाला टेकवून ठेवलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको विठाआजी येऊन ते फावडं घरी घेऊन गेली, फडाचं नव्हतं ते, तिच्या सासऱ्याचं होतं.

मी त्या आठवड्यात खेकड्यांची भोकं बुजवली. कुणाला न दिसता, मुरूम आणि चिकणमाती ठोकून. माझा गहू पुढच्या वर्षी चांगला आला, आणि गाव म्हणालं — बघा, आबा गेला आणि अक्काच्या वावराला पाणी पुरायला लागलं! म्हणजे माझी भोकं बुजवणंसुद्धा त्याच्याविरुद्ध पुरावा झालं. मी काय केलं? मान हलवली.

आबाचं काय झालं ते सांगते. नाव गेलं, पंगतीत जागा बदलली, ते एक झालं. पण खरं ते वेगळंच झालं. तो स्वतःला तपासायला लागला. कांद्याला पाणी द्यायला मजुरीनं जायचा, तर बुजवलेलं तोंड परत जाऊन बघायचा, तिसऱ्यांदा जाऊन बघायचा. उपरण्याला गाठी मारायला लागला — एक तोंड बुजवलं, एक गाठ. संध्याकाळी पारावर बसून गाठी मोजायचा आणि चुकलं की परत शिवारात. विठाआजीला विचारायचा, मी जेवलो का? पोरं हसायची त्याला. एकदा मला बांधावर गाठलं आणि म्हणाला, "अक्का, आते मना डोकावर मनाच भरवसा नही रायना." माझ्या हातात विळा होता. गवत काढत राहिले.

तुम्ही म्हणाल, म्हातारपण होतं, विसर पडतोच. गावही तेच म्हणतं. मीही हे किती वेळा मनाला सांगून पाहिलं. पण माघाच्या त्या दुपारपर्यंत आबा सगळ्या फडांतल्या साठ बाऱ्यांची पाळी तोंडपाठ सांगायचा. ते मी स्वतः बघितलंय, मी तर चार वर्षं दुसरं काही बघितलंच नाही.

दोन वर्षांनी पूर आला.

आमच्याकडं हे असंच आहे — एका साली पाण्यासाठी जीव जातो आणि एका साली पाण्यानं. भादव्यात वर डोंगरात ढगफुटी झाली. पूर्वी पूर यायचा तेव्हा गावाला आबा उठवायचा. त्याची एक खूण होती. बंधाऱ्यावरून पाणी पडतं त्याचा आवाज रात्रंदिवस असतो, आम्हाला तो ऐकूही येत नाही इतकी सवय. पण पूर चढायला लागला की खालचं पाणी वरच्या पाण्याला येऊन मिळतं आणि तो पडण्याचा आवाज बंद होतो. बंधारा गप्प झाला की आबा उठून धावायचा — मोटारी काढा रे, जनावरं सोडा रे! — आणि पाटाचं तोंड बंद करायचा. मोबाइलवर सूचना येईतोवर पाण्याच्या मोटारी घरात आलेल्या असायच्या.

त्या सकाळी कुणी धावलं नाही. नवा पाटकरी तरणा होता, त्याला ही खूण कुणी शिकवलीच नव्हती. दहा-साडेदहाला नदी पाटातून फडात शिरली. काठावरच्या मोटारी गेल्या. मळईतले कांद्याचे वाफे गेले. भिलानानानं बैलजोडी खाली नदीकाठी बांधलेली होती, तो कंबरभर पाण्यात गेला, दावं सुटेना, लोकांनी त्याला ओढून बाहेर काढलं. बैल तिथंच गेले. ते बैल कसे ओरडत होते ते मला सांगता येणार नाही.

पाणी उतरल्यावर आबा आमच्या ओट्यासमोर आला. बसला नाही. म्हणाला, "सकायमाच बंधारा चूप व्हयना व्हता, अक्का. माले वाटनं, डोकं गयं तसा आते मना कानबी गयात." सकाळीच त्याला कळलं होतं. पण त्याला वाटलं, आवाज थांबला नाही, आपले कान गेले. त्यानं विठाआजीला विचारलं, तिला तसंही कमी ऐकू येतं. मग तो खाटेवर बसून राहिला.

तेव्हा बोलायचं होतं. ती वेळ होती, दुसरी कुठली नव्हती. 'आबा, तुमचं डोकं गेलेलं नाही, ओळ मी मारली होती.' एवढं एक वाक्य. आतून लेक बघत होती. शेजारीण दारात होती. मी म्हणाले, चहा घेता का?

आणि माझं काय नुकसान झालं म्हणाल? काही नाही. मळईतले कांदे गेले, पण फडातल्या तुकड्यावर पुरानं बोटभर काळा गाळ पसरवला. त्या साली माझ्यासारखा गहू कुणाचा नव्हता.

पुरानंतर नवे पंच निवडले. आता बाई पाहिजे म्हणाले, आणि मला घेतलं. नजर बारीक आहे म्हणून! आजही कुठलं बारं संशयाचं वाटलं तर मला बोलावतात — अक्का, बघ बरं, हात कुणाचा?

गेल्या दिवाळीच्या आधी आबा पंचांपुढं आला. काठी होती, उपरण्याला गाठीच गाठी. म्हणाला, मला काही नको, फावडं नको, पाटकऱ्याचा वाटा नको. "मी चोरी करी नही. मी इसरी गऊ. एवढं लिखी ठेवा." चोर नव्हता, विसरला — एवढं वहीत लिहा. नातवंडांना कुणी चोराची म्हणायला नको. पंच एकमेकांकडं बघायला लागले. मग थोरले म्हणाले, तेव्हा साक्ष अक्काची होती, अक्काच सांगेल.

सगळे माझ्याकडं बघत होते. आबासुद्धा. तो माझ्या वडिलांपेक्षा मोठा.

मी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आबा. चूक मानूसनीच व्हस."

वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं मी, 'झिपरूआबा विसरला, सबब माफ.' त्यानं मला हात जोडले. माफ केलं म्हणून. लोक म्हणाले, अक्काचं मन मोठं.

पौषात आबा गेला.

तेरावं झाल्यावर विठाआजी आली, एकटीच, काठी टेकत. पदराखाली ते फावडं. म्हणाली, "त्यास्नी सांगी ठेयेल व्हतं. फावडं अक्काले दे."

का? हे मी रोज विचारते. मी माफ केलं, त्याची ही परतफेड? की कधीतरी रात्री-बेरात्री गाठी मोजता मोजता त्याला आठवलं, निंबाखाली चार वर्षं कोण बसून होतं ते? 'शिकनी व्हई तर फावडं धर' — हे तो मला एकदा म्हणाला होता, तुम्हाला सांगितलंच. ते त्याला आठवत होतं का? मी ते फावडं उलटंसुलटं करून पाहिलं, दांडा पाहिला, पातं पाहिलं, काही खूण सापडते का म्हणून. मेलेल्या माणसाच्या मायेवरसुद्धा मी संशय घेतला. काही नव्हतं त्यावर. वाळलेला चिखल होता थोडा.

विठाआजी उंबऱ्यात उभी होती. तिच्यापाशी तरी बोलता आलं असतं, दुसरं कोणी नव्हतं घरात. मी फावडं घेतलं, कोपऱ्यात टेकवून ठेवलं, तिला चहा करून दिला. चहा पिऊन ती गेली.